छातीच्या हाडाच्या सात प्रतिकृती: कोंबडी अप्रतिम, घोडा उत्तम, माणूस चुकलेला

शरीररचना शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा संच घ्यावा, असं माझं मत आहे. त्यातलं माणसाचं एक हाड मात्र विद्यार्थ्यांच्या हाती द्यायच्या आधी दुरुस्त करून घ्यावं लागेल, हेही सुरुवातीलाच सांगते. चूक लहान दिसते, पण ज्या जागी ती झाली आहे तिथूनच पुढे आयुष्यभर बरगड्या मोजायच्या असतात.

मी फिजिओथेरपी आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी शिकवते. तुलनात्मक रचनेच्या तासांना पशुवैद्यकाची मुलंही माझ्याकडे असतात. दोन्हीकडे स्टर्नम, म्हणजे उरोस्थी, घाईघाईत उरकली जाते. कवटीचे तासामागून तास होतात, मांडीच्या हाडाला एक अख्खा तास मिळतो आणि छातीच्या मधोमध असलेलं हे हाड बरगड्यांच्या तासाच्या शेवटी कसंबसं आटोपतं. याचं एक कारण असं की खरी उरोस्थी हाताळणीत टिकत नाही. आत लाल मज्जेने भरलेलं जाळीदार हाड आणि वर घट्ट हाडाचा पातळ थर, एवढंच तिचं बांधकाम. दरवर्षी शेकडो बोटं लागली की कडा झडतात, कूर्चांच्या, म्हणजे बरगड्यांना या हाडाशी जोडणाऱ्या लवचीक भागांच्या, खाचा गुळगुळीत होतात आणि झिफॉइड, म्हणजे हाडाचं खालचं टोक, तर केव्हाच गायब होतो. बोनसेटमधून, म्हणजे अभ्यासासाठी मिळणाऱ्या खऱ्या हाडांच्या संचातून, झिफॉइडसकट उरोस्थी हाती लागली तर ते नशीबच. म्हणून रेझिनच्या चांगल्या प्रतिकृतींची मला खरंच गरज होती.

संचात सात नग आहेत: माणसाच्या दोन उरोस्थी, शिवाय कुत्रा, घोडा, बैल, कोंबडी आणि शहामृग यांची एकेक. सगळे पूर्ण आकाराचे, त्यामुळे खोका मोठा आणि घोडा-बैल चांगलेच जड आहेत. हाड फिकट पिवळसर आणि कूर्चा निळसर राखाडी रंगवली आहे. हा रंगभेद मला फार आवडला. छातीच्या या भागात हाड कुठे संपतं आणि कूर्चा कुठे सुरू होते हेच तर शिकायचं असतं, आणि वाळलेल्या खऱ्या हाडात कूर्चा उरलेलीच नसते.

आधी कोंबडीबद्दल, कारण संचातला सर्वांत देखणा नग तोच आहे.

हाडाच्या खालच्या बाजूला मध्यरेषेवर उभा राहिलेला पातळ पडदा, म्हणजे कील, साच्यात इतका बारीक उतरला आहे की उजेडासमोर धरला तर मधला भाग अर्धपारदर्शक दिसतो. पुढच्या काठावर कोराकॉइड, म्हणजे खांद्याला उरोस्थीशी जोडणारी हाडं, बसण्याच्या दोन खोबणी स्वच्छ आहेत. मागच्या बाजूच्या खोल खाचा, ज्यांच्यावर जिवंत पक्ष्यात पडदा ताणलेला असतो, त्याही जशाच्या तशा आहेत. हाड उलटं केलं की आतल्या पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात. पक्ष्याच्या वायुकोशांतली, म्हणजे फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांतली, हवा या छिद्रांतून हाडाच्या पोकळीत शिरते. स्वस्तातल्या प्रतिकृतींत ती बुजलेली असतात. इथे टाचणीचं टोक आत जातं.

कील हातात असली की पंखांचे दोन स्नायू समजावणं सोपं होतं. पंख खाली मारणारा पेक्टोरॅलिस हा मोठा स्नायू वरच्या थरात, आणि त्याच्याखाली कीलला चिकटून सुप्राकोराकॉइडिअस. हा दुसरा स्नायू पंख वर उचलतो, आणि मुलं नेमकी इथेच थबकतात. छातीवर असलेला स्नायू पंख वर कसा ओढणार? त्याचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, खांद्याजवळ तीन हाडांमधल्या बोगद्यातून जातो आणि दंडाच्या हाडावर वरच्या बाजूने येऊन बसतो, म्हणून ओढ खालून असली तरी पंख वर जातो. मी कीलच्या कडेला दोरा चिकटवते, कोराकॉइडच्या जागी बोट धरून त्यावरून दोरा वळवते आणि टोक पेन्सिलीला बांधते. दोरा खाली ओढला की पेन्सिल वर उठते. फळ्यावरच्या चित्राने हे काम कधीच इतकं झटकन झालेलं नाही.

याच नगावर एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. कील अगदी सरळ नाही, मधल्या भागात ती किंचित डावीकडे झुकली आहे. साचा खऱ्या हाडावरून घेतल्याचा हा पुरावा, आणि ते हाड बहुधा अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीचं असावं. अशा कोंबड्यांत कील वाकणं आणि मोडणं हा सर्रास आढळणारा प्रश्न आहे. अंड्यांच्या कवचासाठी कॅल्शियम हाडांतूनही जातं, कीलच्या मागच्या टोकाला बराच काळ कूर्चाच असते, आणि दांडीवर बसताना सगळा भार याच कडेवर येतो. संचाबरोबरच्या पुस्तिकेत याचा उल्लेख हवा होता. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला वाकलेली कील हीच सामान्य कील वाटली तर पंचाईत होईल. मी स्वतः नगाखाली चिठ्ठी लावली आहे.

आणखी एक गोष्ट मी हा नग हातात देऊन आवर्जून शिकवते. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटलाचा पडदा नसतो. श्वास घेताना उरोस्थीच खाली-पुढे सरकते आणि वायुकोश फुगतात. म्हणून पक्ष्याला छातीभोवती घट्ट आवळून धरलं तर तो गुदमरून मरू शकतो. दवाखान्यात पक्षी हाताळणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला हे कळलेलं असलं पाहिजे, आणि ते कळण्यासाठी हे हाड पुरेसं आहे.

शहामृगाचा नग कोंबडीशेजारी ठेवला की वेगळं काही सांगावंच लागत नाही. रुंद, जाड ढालीसारखं हाड आणि कील मुळीच नाही. उडायचंच नाही तर कीलवर बसणारे ते प्रचंड स्नायू कशाला? एमू, रिया, कॅसोवरी आणि किवी यांचंही असंच. ब्लासियस मेरेम या जर्मन अभ्यासकाने 1813 साली पक्ष्यांचे दोन गट पाडले ते याच खुणेवरून, कील असलेले आणि नसलेले. पुस्तिकेत ही माहिती आहे, आणि लगेच खबरदारीची ओळही आहे की न उडणारा प्रत्येक पक्षी सपाट छातीचा नसतो. पेंग्विन हवेत उडत नाही, पण पंखांनी पाणी कापत पोहतो, त्यामुळे त्याची कील भक्कम असते. पुस्तिका लिहिणाऱ्याला विषय येतो, हे अशा ओळींवरून कळतं. साप आणि कासव यांना उरोस्थीच नसते आणि कासवाचं पोटाकडचं कवच वेगळ्या हाडांपासून बनतं, हेही तिथे नीट दिलं आहे. बऱ्याच ठिकाणी ते कवच म्हणजे उरोस्थी असं ठोकून दिलेलं मी वाचलं आहे.

शहामृगाबद्दल तक्रार एकच. खाली बसताना या पक्ष्याच्या छातीचा भार ज्या जागी जमिनीवर येतो तिथे कातडी घट्ट होऊन घट्टा पडतो. ती जागा हाडावर रंगाने दाखवली असती तर बरं झालं असतं.

घोडा आणि बैल ही जोडी पशुवैद्यकाच्या तोंडी परीक्षेत हमखास येते, आणि दोन्ही नग त्या परीक्षेला पुरून उरतील असे आहेत. घोड्याची उरोस्थी पुढच्या भागात दोन्ही बाजूंनी दाबलेली, होडीच्या तळासारखी, आणि मागे जाताना वरून-खालून चपटी होत जाते. पुढच्या टोकाला मोठी कूर्चा वर वळलेली आहे. बैलाचं हाड रुंद आणि सपाट, पुढे तशी कूर्चा नाही. शिवाय बैलात मॅनुब्रियम, म्हणजे उरोस्थीचा सर्वांत पुढचा (माणसात सर्वांत वरचा) तुकडा, आणि त्यामागचा भाग यांच्यात खरा हलणारा सांधा असतो, घोड्यात नसतो. निर्मात्यांनी बैलाच्या नगात तो सांधा प्रत्यक्ष हलता ठेवला आहे. बोटाने ढकललं की मॅनुब्रियम जरासा सरकतो. एवढा विचार करून बनवलेली वस्तू हाती आली की आनंद होतो.

या दोन्ही जनावरांना कॉलरबोन नसतं. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत, स्नायूंच्या झोळीत धड टांगलेलं असतं आणि त्या झोळीचे काही पदर उरोस्थीवर येऊन बसतात. घोड्याच्या नगावर या स्नायूंच्या जागा फिक्या लाल रेषांनी आखल्या आहेत, बैलावर नाहीत. का नाहीत ते कळत नाही. घोड्यात अस्थिमज्जेचा नमुना याच हाडातून घेतात, आणि हाडाच्या लगेच वर हृदय असल्याने सुईच्या खोलीचं भान ठेवावं लागतं. नग पूर्ण आकाराचा असल्यामुळे हाडाची जाडी मुलांना स्वतः मोजता येते, आणि मोजल्यावर त्यांचे चेहरे गंभीर होतात.

स्टँडबद्दल मात्र नाराज आहे. सातही नग उभ्या दांडीला उभेच अडकतात. माणसाचं हाड उभं ठीक आहे. घोड्याची उरोस्थी जमिनीला जवळपास समांतर असते, ती उभी टांगली की विद्यार्थ्याच्या डोक्यात दिशांचा गोंधळ होतो, वरचं पुढचं होतं आणि मागचं खालचं. मी जनावरांचे नग स्टँडवर लावतच नाही, फोमच्या पट्टीवर आडवे ठेवते.

आता कुत्रा, आणि त्याच्या शेजारी माणूस. संचाची खरी किंमत या दोघांना एकत्र पाहिल्यावर कळते, आणि चूकही तिथेच उघडी पडते.

कुत्र्याची उरोस्थी म्हणजे एकामागे एक लागलेले आठ तुकडे, ज्यांना स्टर्निब्री म्हणतात, आणि त्यांच्या मधे कूर्चा. पहिल्या बरगडीची कूर्चा मॅनुब्रियमला मिळते. दुसरीपासून पुढच्या कूर्चा कुठे बसतात ते पाहा: तुकड्यावर नाही, दोन तुकड्यांच्या सांध्यावर. निळसर रंगामुळे हे लांबूनही दिसतं.

आपलं हाडही लहानपणी असंच तुकड्यांचं असतं. मॅनुब्रियम वेगळा, खाली मुख्य भागाचे चार तुकडे, शेवटी झिफॉइड. वयात येण्यापासून साधारण पंचविशीपर्यंत हे चार तुकडे खालून वर जुळत जातात आणि पुढच्या पृष्ठभागावर तीन आडव्या रेषा मागे ठेवतात. झिफॉइड मुख्य भागाशी जुळायला चाळिशी येते. मॅनुब्रियम आणि मुख्य भाग यांच्यातला सांधा मात्र बहुतेकांत उतारवयापर्यंत जुळत नाही. हे सगळं लक्षात घेतलं की बरगड्यांच्या जागा पाठ कराव्याच लागत नाहीत. कुत्र्यासारखंच, दुसरी कूर्चा मॅनुब्रियम आणि मुख्य भाग यांच्या सांध्यावर, तिसरी, चौथी, पाचवी त्या तीन रेषांच्या टोकांना, सहावी त्याखाली आणि सातवी झिफॉइडच्या सांध्यावर.

या संचातल्या माणसाच्या पहिल्या हाडात दुसऱ्या कूर्चेची खाच सांध्यावर नाही. ती पूर्णपणे मॅनुब्रियमच्या कडेवर, सांध्याच्या वर कोरली आहे. दोन्ही बाजूंना. सांध्याची जागा रिकामी आहे. एकूण खाचा सातच भरतात, त्यामुळे नुसतं मोजून पाहणाऱ्याला शंका येत नाही. बाकी हाड सुबक आहे. वरची खाच, कॉलरबोनच्या जागा, तीन रेषा, मॅनुब्रियमची वर जाड आणि खाली पातळ होत जाणारी घडण, सगळं योग्य. सांध्यापाशी हाड जिथे कोन करतं तो कंगोराही बोटाला छान लागतो. म्हणूनच या चुकीचा जास्त राग येतो.

या कोनाला लुईचा कोन म्हणतात. छाती तपासणाऱ्या प्रत्येकाचं बोट आधी तिथे जातं, कारण कातडीखालून सहज लागणारी ही खात्रीची खूण आहे. पहिली बरगडी कॉलरबोनच्या आड दडलेली, तिच्यापासून मोजता येत नाही. कोनावर बोट ठेवायचं, बाजूला सरकवायचं, हाताला लागते ती दुसरी बरगडी, तिच्याखालची जागा ती दुसरी आंतरबरगडी जागा, आणि तिथून खाली मोजत जायचं. हृदयाचा ठोका पाचव्या जागेत बघायचा असतो. ईसीजीचे व्ही-1 आणि व्ही-2 हे इलेक्ट्रोड उरोस्थीच्या दोन्ही कडांना चौथ्या जागेत लावायचे असतात.

या प्रतिकृतीवर शिकलेली मुलगी काय करेल? दुसरी बरगडी कोनाच्या वर असते असं तिच्या मनात बसेल. कोनावर हाताला लागलेल्या बरगडीला ती तिसरी म्हणेल, आणि तिची चौथी जागा प्रत्यक्षात तिसरी असेल. इलेक्ट्रोड एक जागा वर लागतील. व्ही-1, व्ही-2 वर लागले की आलेखात नसलेला दोष दिसू शकतो, आणि धडधाकट माणसामागे तपासण्यांचं शुक्लकाष्ठ लागू शकतं. इलेक्ट्रोड वर लागण्याची चूक तशीही नेहमी होणारी आहे. शिकवण्याच्या साधनानेच तिला हातभार लावावा हे मला अजिबात पटत नाही. शिवाय त्याच खोक्यातला कुत्रा ती जागा बरोबर दाखवतो आहे! साचा बनवणाऱ्यांनी दोन्ही नग एकदा शेजारी ठेवून पाहिले असते तरी ही चूक सापडली असती.

झिफॉइडबद्दलही थोडं. नगावर तो सरळ, टोकदार, पुस्तकातल्या चित्रासारखा आहे. प्रत्यक्षात तो दुभंगलेला, वाकलेला, छिद्र असलेला, कसाही असू शकतो, आणि त्याचं हाड झालं की चाळिशीच्या आसपासची माणसं पोटाच्या वर अचानक गाठ लागली म्हणून घाबरून येतात. जोडायला दोन-तीन वेगवेगळे झिफॉइड दिले असते तर हा धडा हातानेच झाला असता. हृदय बंद पडल्यावर द्यायचा छातीदाब शिकवतानाही झिफॉइड दाखवावाच लागतो, कारण तळहाताची टाच उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवायची, झिफॉइडवर नाही. 5 ते 6 सेंटीमीटर दाब आणि मिनिटाला 100 ते 120 हा वेग मात्र पुतळ्यावरच शिकवावा. हे हाड दबत नाही, त्यावर जोर लावून ते मोडू नका.

माणसाचा दुसरा नग पाहून माझी तक्रार बरीच निवळली. या हाडात मुख्य भागाच्या खालच्या अर्ध्यात आरपार गोल छिद्र आहे. साधारण शंभरातल्या पाच माणसांत असं छिद्र असतं. गर्भात उरोस्थी डाव्या-उजव्या दोन पट्ट्यांतून तयार होते आणि त्या मधोमध जुळतात. जुळणी कुठे अपुरी राहिली की छिद्र उरतं. माणसाला त्याचा काही त्रास होत नाही, आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पण त्याच्यामागेच हृदयाचं आवरण आहे. 1927 साली रशियन वैद्य मिखाईल अरिंकिन यांनी उरोस्थीत सुई घालून मज्जेचा नमुना घेण्याची पद्धत आणली आणि ती पुढे जगभर पसरली. आता बहुतेक वेळा कमरेच्या हाडातून नमुना घेतात. छातीवर अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचणाऱ्यांनी तर हा नग एकदा तरी पाहावाच. अशा छिद्रातून सुई थेट हृदयापर्यंत गेल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. नगातलं छिद्र करंगळीचं टोक जाईल एवढं आहे, कडा गुळगुळीत आहेत. गोळीच्या छिद्रापासून ते वेगळं ओळखता यावं म्हणून न्यायवैद्यकाच्या शिक्षकांनाही हा नग उपयोगी पडेल. आणि या नगात दुसरी खाच बरोबर सांध्यावर आहे! म्हणजे दोन साचे दोन वेगळ्या हाडांवरून घेतले आहेत, आणि पहिल्यावर कुणीतरी मागाहून हाताने काम केलं आहे.

ओपन हार्ट शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबरोबर काम करणाऱ्या माझ्या फिजिओच्या मुलांसाठी एक नग हवा होता: मधोमध उभा कापून स्टीलच्या तारांनी पुन्हा बांधलेला. रुग्णाने खोकताना छातीवर उशी का दाबून धरायची, सुरुवातीचे आठवडे दोन्ही हातांवर जोर देऊन का उठायचं नाही, हे तो कापलेला सांधा पाहिला की लगेच उमजतं. पुढच्या आवृत्तीत तो यावा अशी माझी मनापासून मागणी आहे. मी फोटोंसह खाचेची चूकही निर्मात्यांना कळवली आहे.

नवा साचा येईपर्यंत दुरुस्ती घरच्या घरी होते. मॅनुब्रियमवरची चुकीची खाच दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीने भरा, पूर्ण कडक होऊ द्या, मग बारीक पॉलिश पेपरने कड सलग करा. सांध्याच्या दोन्ही टोकांना गोल कानसीने नवी खाच काढा, अर्धी मॅनुब्रियममध्ये, अर्धी मुख्य भागात. छिद्रवाला नग शेजारी ठेवून खोली जुळवा. कानस हळू चालवा, सांध्याजवळ रेझिनचा कपचा पटकन उडतो, आणि रेझिनची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा.